ईएमएमसी मरायला टेकली: रॅमडिस्क की एसएसडी?
पीएफसेन्स (फायरवॉल-राउटरचं सॉफ्टवेअर) चालवणाऱ्या छोट्या डब्यात ईएमएमसी, म्हणजे स्टोरेजची चिप, बोर्डावरच सोल्डर असते, लॉग (कामाच्या नोंदी) लिहून लिहून झिजते. रॅमडिस्क, म्हणजे रॅमचाच थोडा भाग डिस्कसारखा वापरणं, फुकटात होते, सेटिंगमध्ये एक टिक मारली की लॉग मेमरीत जातात, पण अचानक लाइट गेली की ताजे लॉग गेले आणि झिजलेली चिप काही बरी होत नाही, म्हणून हा उपाय चिप धडधाकट असतानाच करायचा.
एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची खाच) असेल तर सरळ एसएसडी टाका राव, फक्त स्लॉट साटाचा की एनव्हीएमईचा (जोडणीचे दोन वेगळे प्रकार) ते आधी बघा, आणि डबा बूट होतोय तोवर आजच कॉन्फिगची (सगळ्या सेटिंगची) एक्सएमएल फाइल उतरवून घ्या, यूएसबीवरून नवीन इन्स्टॉल करून ती रिस्टोअर केली की व्हीपीएन, नियम सगळं जागेवर. जुन्या ईएमएमसीवरची पार्टिशन मात्र पुसा, नाहीतर कधीकधी बूट तिथूनच होतं.