रॅमच्या स्टिकरखाली दुसरा स्टिकर निघाला

मी सिडकोत घरीच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सप्ताहाची पत्रकं. कॉम्प्युटरचं मशीन जुनं आहे, जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड आणि इंटेलचा कोअर टू ड्युओ प्रोसेसर. पण श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या इतक्या वर्षांच्या फायली त्यातच असल्याने मी ते सोडलेलं नाही. रॅम होती दोन जीबी, एकेक जीबीच्या दोन स्टिक, म्हणजे पट्ट्या. फ्लेक्सची मोठी फाइल उघडली की सगळं अडकायचं, म्हणून चार-चारच्या दोन टाकून आठ जीबी करायचं ठरवलं. हा बोर्ड आठच्या वर घेत नाही. विंडोज ६४-बिट आहे ना, तेही आधी बघितलं होतं, कारण ३२-बिटवर चारच्या वरची रॅम वाया जाते.

कॅबिनेट कुठे न्यायचं, म्हणून दोन्ही स्टिक काढल्या. कुठली कुठल्या स्लॉटमधली ते कळावं म्हणून एकीवर नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि नमुना म्हणून रुमालात गुंडाळून गावात एका दुकानात गेले.

“डीडीआर थ्री ना ताई?” दुकानदाराने रॅमचा प्रकार बघून विचारलं. “मग कुठलीही चालते. ही सोळाशे स्पीडची आहे, तुमच्या जुनीपेक्षा फास्ट.” दोन स्टिकचे १,८०० सांगितले, माझ्या जुन्या ठेवून घेऊन २०० कमी केले. बिल मागितलं तर म्हणाला, पक्कं हवं असेल तर जीएसटी वेगळा पडेल. मी कच्च्या चिठ्ठीवर राजी झाले. पैसे फोनवरून दिले, हे नंतर फार कामाला आलं.

घरी स्टिक बसवून बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळीच, आणि लांब टीं… टीं… थांबेना. फोन केला तर म्हणाला, पिना खोडरबरने घासा. घासल्या. एकेक स्टिक एकेका स्लॉटमध्ये लावून बघितली. रात्रीचे अकरा वाजले. दुसऱ्या दिवशी चांदवडच्या पार्टीला पत्रिकेचं प्रूफ द्यायचं होतं, ते गेलं.

सकाळी दुकानात गेले तर त्याने स्टिक हातातही घेतल्या नाहीत. “बोर्ड गेला तुमचा. बोर्ड-प्रोसेसर बदला, साडेसात हजारात बसवून देतो.” मग माझ्या जुन्या स्टिक द्या, लावून बघते, म्हटलं. “त्या कालच विकल्या.” मला सगळ्यात जास्त राग याचा आला. चालतं मशीन त्याने बंद पाडलं, आणि ते चालतं होतं हे दाखवायला माझ्याकडे काहीच ठेवलं नाही.

माझा भाचा सातपूरला एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो. संध्याकाळी आला, स्टिक दिव्याखाली धरली आणि म्हणाला, “मावशी, चिप मोज.” एका बाजूला नऊ. उलटी केली, तिथेही नऊ. शिवाय मधोमध एक वेगळी, चपटी चिप. मग त्याने नखाने स्टिकरचा कोपरा उचलला. खाली दुसरा स्टिकर, पिवळट पडलेला. त्यावर पीसी३-१०६०० आणि पुढे ‘आर’ हे अक्षर.

आर म्हणजे रजिस्टर्ड, सर्व्हरची म्हणजे कंपन्यांच्या मोठ्या कॉम्प्युटरांची रॅम. नववी चिप चुका पकडण्यासाठी असते, मधली चिप रजिस्टरची, म्हणजे बोर्डाकडून आलेले सिग्नल पुढे चिपपर्यंत पोचवणारी. पिना तशाच २४०, खाच त्याच जागी, म्हणून स्लॉटमध्ये गुपचूप बसते. पण असा साधा डेस्कटॉप तिच्यावर सुरूच होत नाही. भंगारात निघालेल्या सर्व्हरमधून ती स्वस्तात मिळते. वरचं ‘१६००’ही खोटं, कारण १०६०० म्हणजे १३३३ स्पीड, सोळाशेच्या स्टिकवर १२८०० असतं. भाच्याने घरून आणलेली दोन जीबीची साधी स्टिक लावली आणि मशीन पहिल्या फटक्यात सुरू झालं. बोर्डाला काही झालेलं नव्हतं.

साध्या डेस्कटॉपच्या स्टिकवर ‘आर’च्या जागी ‘यू’ असतो आणि चिप बहुधा आठ किंवा सोळा. जी४१ असेल तर आणखी एक बघा: चार जीबीची स्टिक सोळा चिपचीच हवी, दोन्हीकडे आठ-आठ. आठ चिपची, अगदी नवी आणि अस्सल असली तरी, हा बोर्ड ओळखत नाही. ऑनलाइन ‘फक्त एएमडीसाठी’ (एएमडी ही प्रोसेसरची दुसरी कंपनी) म्हणून स्वस्तात मिळतात त्याही इंटेलवाल्यांनी घेऊ नका. मी नंतर रिक्षाने कॅबिनेटच नेलं आणि दुसऱ्या दुकानात चालू करून बघितल्यावर पैसे दिले.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत न घेणंही त्यातच येतं. बिलावर परतीची मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरतात. दोन्ही स्टिकरांचे फोटो आणि पैसे दिल्याचा मेसेज घेऊन भाच्यासोबत दुकानात गेले. त्याने न बोलता १,६०० परत केले.

निघताना काउंटरच्या काचेखाली लक्ष गेलं. जुन्या रॅमच्या ट्रेमध्ये एका स्टिकवर नेलपॉलिशचा ठिपका होता, आणि शेजारी ३५० ची चिठ्ठी.