चार बिटं आणि एक दात

माझ्याकडे तीन बिटं फडक्यात गुंडाळून पडली आहेत. कुठल्याही घोड्याच्या तोंडात ती आता जायची नाहीत. उरलेलं एक विकणाऱ्याकडे परत गेलं आणि त्याचे पैसेही त्याच्याकडेच राहिले. चारांत मिळून घोडीच्या चार-पाच महिन्यांच्या चाऱ्याचे पैसे गेले. ते गेले तर गेले. पण तिच्या उजव्या ओठाच्या कोपऱ्यात एक पांढरट वण राहिला आहे, लगाम चढवताना रोज नजरेस पडतो.

नव्याने घोडा पाळणाऱ्यांसाठी थोडं मागून सांगते. बिट म्हणजे लगामाचा तोंडात राहणारा धातूचा भाग, जुन्या मराठीत कडियाळं. घोड्याचे पुढचे दात संपतात आणि दाढा सुरू होतात, त्या दोहोंच्या मध्ये हिरडीचा मोकळा पट्टा असतो. बिट तिथे, जिभेवर आणि त्या पट्ट्यावर टेकतं. पट्ट्यावर कातडी पातळ, आणि कातडीखाली लगेच हाड. दुखलं तर घोडा ओरडत नाही. डोकं झटकतो, तोंड उघडतो, जीभ बाहेर काढतो. आपण त्याला हट्टी म्हणतो.

मैना असंच करायला लागली होती. सात वर्षांची घोडी, साध्या एका सांध्याच्या स्नॅफलवर (लगामाची ओढ थेट तोंडात पोचवणारं बिट) दोन वर्षं शहाण्यासारखी चाललेली. अचानक उजवीकडे वळवलं की तोंड उघडायची, लगाम हातातून हिसकून घ्यायची. बिटच चुकीचं असणार, असं मी आधीच ठरवून टाकलं आणि इंटरनेटवर शोधायला बसले. तिथे तो भेटला. स्वतःला बिट-सल्लागार म्हणवत होता आणि बिटंही तोच विकत होता. रोग सांगणारा आणि औषध विकणारा एकच, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. उलट सोयीचं वाटलं.

व्हिडिओ पाठवा म्हणाला, पाठवला. दहा मिनिटांत उत्तर: "मॅडम, एकदम क्लिअर केस आहे." मग त्याने जे सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच मी फसले. एका सांध्याचं बिट दोन्ही लगाम ओढले की अडकित्त्यासारखं मिटतं, काही घोड्यांच्या टाळूला सांधा टोचतो. खरं आहे. दोन सांध्यांचं बिट जिभेवर जास्त पसरून बसतं. तेही खरं. वर त्याने झेनोफनचा दाखला दिला. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला हा ग्रीक घोडेस्वारही सांगून गेलाय, निदान दोन बिटं बाळगावीत. मी भारावून गेले. पुढे कळलं की झेनोफनने दोन सांगितली होती ती एक काटेरी आणि एक गुळगुळीत, आणि घोड्याने शेवटी गुळगुळीत बिटावर खुशीने चालावं हा त्यातला हेतू होता. आमच्या सल्लागाराने फक्त 'दोन' एवढंच उचललं. तेही पुढे चारावर नेलं.

एक प्रश्न मात्र त्याने कधीच विचारला नाही: घोडीचे दात शेवटचे कधी तपासले?

पहिलं बिट आलं ते सोनेरी. तांब्याच्या मिश्रधातूचं, निकेल अजिबात नाही, घोड्याला चव आवडते, लाळ सुटते, असं वर्णन. चौदा दिवस वापरून बघा, नाही पटलं तर पैसे परत. मी १२५ मिलिमीटर मागितलं होतं, आलं १३५. विचारलं तर म्हणाला, "लूज रिंगला मोठं लागतंच मॅडम." पुन्हा अर्धसत्य. लूज रिंगमध्ये कडी बिटाच्या भोकातून सरकत फिरते, ओठ चिमटू नये म्हणून थोडी जागा ठेवतात. पण थोडी म्हणजे काही मिलिमीटर, पूर्ण सेंटिमीटर नाही. माप दोन कड्यांच्या मधल्या तोंडात राहणाऱ्या भागाचं घ्यायचं, कड्या धरून नाही. फार रुंद बिट तोंडात आडवं सरकत राहतं आणि नेमकं एका बाजूला रुततं. हे मला माहीत होतं. तरी गप्प बसले, कारण तो तज्ज्ञ होता ना!

दहाव्या दिवशी परत करते म्हटलं. त्याने फोटो मागवले, जवळून, दोन्ही बाजूंनी. मग उत्तर आलं: बिटावर दातांच्या खुणा आहेत, अशा वस्तूचे पैसे परत मिळत नाहीत, अटींमध्ये लिहिलंय. अटी उघडून पाहिल्या, खरंच लिहिलं होतं. आता तुम्हीच सांगा, घोड्याच्या तोंडात दहा दिवस राहिलेल्या बिटावर दातांची एकही खूण नसेल असं कसं होईल? स्टीलवरसुद्धा चरे पडतात. 'वापरून बघा' आणि 'वापरल्याची खूण नको' या दोन अटी एकत्र ठेवल्या की पैसे कुणालाच परत द्यावे लागत नाहीत. अख्खा धंदा त्या एका वाक्यावर उभा होता. वर त्याने उदारपणे पुढच्या बिटावर सूट देऊ केली. आधीचे पैसे अगदीच वाया जाऊ नयेत म्हणून मी पुढचं घेतलं. जुगारात माणसं अशीच बसून राहत असावीत.

दुसरं 'फ्रेंच लिंक', म्हणजे दोन सांध्यांचं, सौम्य. तिसरं 'स्वीट आयर्न', म्हणजे साधं न-गंजरोधक लोखंड. ते मुद्दाम गंजू देतात, गंजाची चव घोड्यांना रुचते आणि तोंड ओलं राहतं. मला आलेलं काळंकुळकुळीत होतं आणि आठवडाभर लाळेत भिजूनही त्याच्यावर गंजाचा टिपका नाही. ते मी स्वतःच्या खर्चाने परत पाठवलं. पोचल्याचा निरोप आला, खाली तेच वाक्य: दातांच्या खुणा.

चौथं पाठवताना त्याने सूर बदलला. घोडी आता 'तोंडाने कडक' झाली आहे, म्हणजे लगामाला जुमानत नाही, म्हणाला, तिला थोडा कंट्रोल लागेल. पण काळजी नको, हेही स्नॅफलच आहे, टॉम थंब स्नॅफल.

यावर जरा थांबते, कारण या एका शब्दाने बरेच जण फसतात. मध्ये नुसता सांधा आहे म्हणून बिट स्नॅफल ठरत नाही. लगाम कुठे जोडला जातो ते बघायचं. तोंडातल्या दांडीच्या सरळ रेषेत कडीला जोडला असेल आणि ओढ थेट पोचत असेल, तर ते स्नॅफल. दोन्ही बाजूंना खाली दांडे लोंबत असतील, लगाम त्यांच्या टोकाला असेल आणि हनुवटीखाली साखळी असेल, तर ती तरफ आहे, दुकानदार काहीही म्हणो. खालचा दांडा वरच्या भागाच्या दुप्पट असला, तर हातातली एक किलोची ओढ साखळीपाशी साधारण दोन किलोची होते आणि तोंडातल्या दांडीवर तिपटीने पडते. टॉम थंब हे असं तरफेचं बिट आहे. हलक्या, शिकलेल्या हातात अशा बिटांना जागा असते, नाही असं नाही. दुखऱ्या तोंडाच्या घोडीवर आणि घाबरलेल्या स्वाराच्या हातात ते देणारा माणूस एक तर अडाणी असतो किंवा निर्दय.

पहिल्याच दिवशी मैना मागच्या पायांवर उभी राहिली. मी घसरत खाली आले, गुडघा सोलवटला, बाकी निभावलं. घाबरून पुन्हा ते पहिलं सोनेरी बिट चढवलं आणि चार दिवसांनी ओठाच्या कोपऱ्यात रक्त.

आमच्या पागेत एक म्हातारे चाबूकस्वार आहेत. आयुष्य घोडे फिरवण्यात गेलं, बोलणं मोजकं. इतके दिवस ते माझा उद्योग लांबून बघत होते. त्यांनी बिट हातात घेतलं, डोळे मिटून सांध्यांवरून आणि कडीच्या भोकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ताई, हे सोलतंय." धातूवर धातू घासतो तिथे सोनेरी मुलामा उडाला होता, त्याची कड पात्यासारखी उभी राहिली होती. खाली करडं लोखंड. मोतद्दाराने लोहचुंबक आणलं, ते टचकन चिकटलं. तांब्याच्या मिश्रधातूला ते चिकटायला नको. बिटांना वापरतात त्या चांगल्या स्टेनलेस स्टीललाही बहुधा चिकटत नाही, चिकटलं तर अगदी हलकं. स्वीट आयर्नला मात्र चिकटणारच, त्यावरून त्याला खोटं ठरवू नका. त्याची परीक्षा गंज. आणि जाता जाता, 'जर्मन सिल्व्हर' लिहिलेलं असेल तर त्यात चांदी शोधू नका. ते तांबं, निकेल आणि जस्त.

मग त्या चाबूकस्वार काकांनी दुसरं बिट उचललं. "याला फ्रेंच लिंक कोण म्हणालं?" फ्रेंच लिंकचा मधला तुकडा लहान, कडांनी गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचा, जिभेवर सपाट निजणारा. माझ्या बिटातला तुकडा लांबट, सपाट पट्टीसारखा आणि तिरका बसवलेला, म्हणजे ओढलं की कड जिभेत दाबली जाणार. याचं नाव डॉक्टर ब्रिस्टल. लांबून दोन्ही जुळी भावंडं दिसतात. एक सौम्य म्हणून घेतात, दुसरं मुद्दाम कडक म्हणून. मी सौम्य म्हणून कडक घेऊन तीन आठवडे फिरवलं.

"आणि तोंडात बघितलंत का तिच्या?" काकांनी विचारलं. नव्हतं बघितलं.

पशुवैद्य आल्या, मैनाला गुंगी दिली, जबडा उघडा ठेवणारं साधन लावलं. वरच्या जबड्यात उजवीकडे, पहिल्या दाढेच्या पुढे, एक खुजा दात. त्याला वुल्फ टूथ म्हणतात. सगळ्या घोड्यांना नसतो, असला तरी प्रत्येकाला त्रास देतो असं नाही. मैनाचा हलत होता आणि भोवतीची हिरडी सुजली होती. शिवाय वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार झालेल्या, गालाला आतून ओरखडे. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो आणि दाढा आयुष्यभर थोड्या थोड्या बाहेर येत राहतात. चघळताना जो भाग घासला जात नाही त्याला धार चढते. उजवीकडे वळवताना बिट नेमकं त्या दातावर जात होतं. दात काढला, कडा कानशीने गुळगुळीत केल्या, काही आठवडे बिटाशिवाय मोकळं ठेवलं.

त्यानंतर तिच्या तोंडात तेच जुनं, साधं, एका सांध्याचं स्नॅफल घातलं. निमूट चालली. टाळूला टोचत वगैरे काही नव्हतं.

पैसे मागायला मी पुन्हा त्या माणसाकडे गेले. चुंबकाचा फोटो, मापाचा फोटो, मुलाम्याचा फोटो, सगळं पाठवलं. आधी म्हणाला, लाळेमुळे असं होतं. मग म्हणाला, तुमचा हात जड आहे. मग मला ब्लॉक केलं. पैसे थेट त्याच्या खात्यात भरले होते, पावती म्हणून कागद एकही नाही, सगळं चॅटवर, आणि त्यातले निम्मे निरोप त्याने कधी पुसले ते मला कळलंही नव्हतं. आता मी कुणालाही सांगते: पैसे भरण्याआधी धातू, माप, दांडीची जाडी आणि परतीची अट विकणाऱ्याकडून लिहून घ्या, आणि दातांच्या खुणांचं काय ते आधीच विचारा. उत्तर गोल गोल आलं तर व्यवहार तिथेच सोडा. वापरलेलं बिट घ्यायला माझी हरकत नाही. सांध्यांत आणि भोकांत बोट फिरवून बघा. डोळ्यांना दिसत नाही ते बोटाला कळतं.

सोनेरी बिट मी करवतीने मधोमध कापलं, म्हणजे चुकूनही कुणी उचलायला नको. बाकीची दोन तशीच आहेत.

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने विक्रीची एक जाहिरात पाठवली. स्वीट आयर्न, न वापरलेलं, डब्यात बंद. नाव वेगळं, पण फोटोत डाव्या कडीजवळ एक बारीक खड्डा स्पष्ट दिसत होता. मैनाच्या दाढेचा. तो मी परतीच्या वेळी इतक्या बाजूंनी काढून पाठवला होता की झोपेतही ओळखला असता. मैत्रिणीच्या खात्यावरून विचारलं, याच्यावर दातांच्या खुणा आहेत का?

लगेच उत्तर आलं. "नाही मॅडम, एकदम नवीन पीस. घोड्याचा व्हिडिओ पाठवा ना, बघून सांगतो."