'1847' चा ठसा बघून पैसे मोजू नका

न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींनो, कुणाच्या घरातली जुनी चांदीची कटलरी घेत असाल तर आधी हे वाचा. माझे 1,850 डॉलर गेले. 500 रोख, 1,350 मोबाइलवरून.

विकणारा म्हणाला, "1847 सालचा सेट, शुद्ध चांदी, आजीचा." चमच्यामागे '1847 रॉजर्स ब्रदर्स' असा ठसा ठसठशीत होता. यावर कोण शंका घेईल?

ते साल नाहीच, तो मार्का आहे. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डच्या रॉजर्स बंधूंनी 1847 मध्ये विजेने चांदीचा मुलामा दिलेले चमचे-काटे विकायला काढले. 1862 मध्ये त्यांचा मार्का मेरिडन ब्रिटानिया कंपनीकडे गेला. रॉजर्स नावाचे कारखाने तेव्हा ढिगाने, म्हणून आपला माल ओळखू यावा यासाठी पुढे 1847 लावलं. 1898 मध्ये इंटरनॅशनल सिल्व्हर कंपनी झाली, तिनेही ते चालू ठेवलं. माझ्या गळ्यात मारलेला 'फर्स्ट लव्ह' नमुना तर 1937 चा! कंपनीने मुलामा म्हणूनच विकला. लबाडी या माणसाची.

काट्याच्या टोकांना आणि चमच्याची पाठ जिथे टेकते तिथे पिवळट झाक होती, म्हणजे मुलामा झिजून आतला धातू दिसत होता. मी बोट ठेवून विचारलंसुद्धा! "पॉलिशचा डाग," म्हणाला आणि लगेच वजनकाटा पुढे ओढला. तिथेच उठायला हवं होतं. पण मागे दोन गिऱ्हाइकं पैसे काढून उभी. त्याचीच माणसं असणार. वर त्या वजनात सुऱ्याही धरल्या. अहो, अस्सल चांदीच्या सेटमध्येसुद्धा सुरीचं पातं पोलादी असतं, मूठ बहुधा पोकळ!

सोनाराने कानशीने एक रेघ ओढली आणि म्हणाला, "मोडीत काही येणार नाही."

पोलीस म्हणतात, हे दिवाणी प्रकरण. ग्राहक तक्रार कार्यालयाने फॉर्म भरून घेतला आणि 'विक्रेत्याशी बोलून बघा' असं पत्र धाडलं. तो फोन उचलत असता तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? पैसे पाठवायच्या ॲपवाले म्हणतात, तुम्ही 'मित्र-नातेवाईक' निवडलंत, संरक्षण नाही. निवडायला त्यानेच सांगितलं होतं! 1906 चा कायदा आहे, स्टर्लिंगचा ठसा मारायचा तर हजारात 925 भाग चांदी हवी. पण ब्रिटनसारखी कायद्याने सक्तीची पारख इथे नाही, आणि तो तोंडाने काय बोलला ते कुणी धरत नाही.

'स्टर्लिंग' किंवा 925 दिसत नसेल तर पाकीट काढू नका. 'ए 1' असा ठसा असेल तर तो मुलामा. पावतीवर धातू लिहून घ्या.

त्याची नवी जाहिरात कालच लागली: '1881 सालचा दुर्मिळ सेट'. '1881 रॉजर्स' हाही मुलाम्याचाच मार्का आहे.