फील्डफॉक्स + यूएसबी पॉवर सेन्सर: गच्चीवर एलएनबी मोजायला झकास, पण सेन्सर आंधळा असतो

नाशकात सातपूर-अंबडला पॅनेल आणि मोटर टेस्ट करणारे पैशाला पासरी, आरएफवाला (रेडिओ फ्रिक्वेन्सीचं मोजणारा) मात्र शोधून सापडत नाही. आमचं काम केबलवाल्यांच्या डिश-एलएनबीचं (एलएनबी म्हणजे डिशच्या तोंडाशी बसणारा, सॅटेलाइटचा सिग्नल वाढवून खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणणारा डबा), त्यामुळे कीसाइटचा फील्डफॉक्स (हातात धरायचा आरएफ ॲनालायझर) आणि पॉवर सेन्सर (सिग्नलची ताकद मोजणारा) ही जोडी कायम सोबत. यंत्र तीनेक किलोचं, बॅटरीवर चालतं, सिडकोतल्या अरुंद जिन्यावरूनही आरामात वर नेता येतं.

सी-बँड एलएनबीत 3.7 ते 4.2 गिगाहर्ट्झ आत जातं आणि 950 ते 1450 मेगाहर्ट्झ बाहेर येतं, म्हणून नेहमीचं एस 21 (एका टोकाने सिग्नल सोडून दुसऱ्या टोकाला किती आला ते मोजणं) इथे कामाचं नाही, ॲनालायझर सोडलेली फ्रिक्वेन्सीच परत शोधत बसतो. त्याऐवजी सिग्नल ॲनालायझरने द्यायचा, आउटपुटला सेन्सर लावायचा आणि दोन्ही फ्रिक्वेन्सींतला फरक (ऑफसेट) टाकायचा. एलएनबीतला लोकल ऑसिलेटर (ज्या फ्रिक्वेन्सीतून इनपुट वजा होतो ती देणारा) 5150 मेगाहर्ट्झचा, म्हणजे इनपुट वर सरकला की आउटपुट खाली, त्यामुळे रिसीव्हर स्वीप रिव्हर्स (वरून खाली) करायचा, मग गेनचा (सिग्नल किती वाढला त्याचा) ग्राफ समोर.

आता खरी गोम. सेन्सरला फ्रिक्वेन्सी कळत नाही, जे येईल ते सगळं मिळून एकच आकडा. 60 डीबी गेन आणि 500 मेगाहर्ट्झ बँडविड्थ धरली तर इनपुट बंद असतानाही नुसता नॉइजच उणे 26-27 डीबीएम (पॉवरचं माप) भरतो. म्हणून इनपुट उणे 70 च्या आसपास ठेवायचा, आउटपुट उणे 10 येतो, नॉइजच्या बराच वर. अजून कमी दिलात तर गेन वाढलेला दिसेल, खुश होऊ नका, तो नॉइज आहे. जास्त दिलात तर एलएनबी कॉम्प्रेस होतो (गेन कमी दिसतो). एवढं कमी करायला ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारे) लागतातच, ते आधी ॲनालायझरवरच मोजून घ्या, तिथे एस 21 चालतं. एलएनबीला वीज 'बायस-टी'मधून द्या (सिग्नलच्याच वायरवर डीसी घालणारा जोड) आणि सेन्सरसमोर डीसी ब्लॉक (डीसी अडवणारा) हवाच, त्याच वायरवर 13-18 व्होल्ट असतात.

नुसता मिक्सर (फ्रिक्वेन्सी बदलणारा भाग) मोजायचा तर अजून भानगड, लोकल ऑसिलेटरसाठी वेगळा जनरेटर. +7 डीबीएम दिले आणि 30 डीबी आयसोलेशन (गळती अडवणं) असलं तरी आउटपुटला उणे 23 गळतं, फिल्टर नसेल तर सेन्सर तेच मोजत बसेल. फेज आणि ग्रुप डिले (सिग्नलला लागणारा उशीर) या सेन्सरने मिळत नाही, आणि कमी पॉवरला स्वीप रेंगाळतो, चहा सांगून ठेवा.

भाड्याने घेणार असाल तर 'पॉवर सेन्सर व्हर्सेस फ्रिक्वेन्सी'चं (फ्रिक्वेन्सीनुसार सेन्सरचा ग्राफ काढायचं) लायसन्स टाकलंय का ते आधी विचारा, ते वेगळं घ्यावं लागतं, नाहीतर यंत्र येईल आणि मेनूत ऑप्शनच नसेल.