निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूर : नाशिक परिसरातील एका दिंडीच्या व्यवस्थेचे परीक्षण

त्र्यंबकेश्वराहून निघणाऱ्या संत निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जायचे ठरले की नाशिककरापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो दिंडीचा. मोकळे चालावे की एखाद्या दिंडीत नाव घालावे याबद्दल सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. पण भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरल्यावर आपल्याला नेमके काय मिळते, काय मिळत नाही आणि कशाची सोय आपली आपणच करावी लागते, हे सविस्तर कोणी सांगत नाही. नाशिक परिसरातील ज्या दिंडीबरोबर मी त्र्यंबकेश्वरापासून पंढरपूरपर्यंत चाललो, तिच्या व्यवस्थेविषयी म्हणूनच लिहितो आहे. दिंडीचे नाव मुद्दाम देत नाही. तिचे गुण आणि तिच्या उणिवा या सोहळ्यातील इतर दिंड्यांतही कमीअधिक प्रमाणात आढळतील, आणि ज्यांनी आम्हांला रोज जेवू घातले त्यांच्या उणिवा नावानिशी चारचौघांत मांडणे मला प्रशस्त वाटत नाही.

निवृत्तीनाथ हे ज्ञानदेवांचे थोरले बंधू आणि गुरू. ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांकडून त्यांना उपदेश मिळाला आणि पुढे १२९७ साली त्र्यंबकेश्वरीच त्यांनी समाधी घेतली. त्यांची पालखी ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास समाधिमंदिरातून निघते आणि नाशिक, सिन्नर, राहुरी, अहिल्यानगर, मिरजगाव, करमाळा या वाटेने आषाढी एकादशीच्या आधी पंढरपुरात पोहोचते. अंतर सुमारे ४५० किलोमीटर भरते. आळंदीची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते. त्या वेळी आपली पालखी कित्येक मुक्काम पुढे गेलेली असते. दिंडीची व्यवस्था पाहताना हे अंतर आणि हा काळ लक्षात घ्यावा लागतो, कारण चार दिवसांच्या सहलीत खपून जाणारा ढिसाळपणा इतक्या दिवसांच्या चालीत माणसाला आजारी पाडतो.

हवामानाबद्दल आधी सांगतो, कारण नाशिककरांचा अंदाज येथे हमखास चुकतो. त्र्यंबकला आभाळ भरून आलेले असते, सातपूरपर्यंत कधी सरीही लागतात, आणि त्यामुळे सगळे जण रेनकोट आणि प्लास्टिकचे कागद यांच्याच तयारीत राहतात. परंतु सिन्नर मागे पडले की पर्जन्यछायेचा मुलूख लागतो. नगर आणि करमाळ्याच्या पट्ट्यात अनेकदा पावसापेक्षा उन्हाचाच त्रास अधिक होतो. आमच्या दिंडीने ही गोष्ट ओळखून पहाटेच्या चालीवर भर दिला आणि दुपारचा विसावा सावलीच्या जागी येईल असे पाहिले. पाण्याचा टँकर दिंडीच्या पुढेमागे न रेंगाळता ठरलेल्या ठिकाणी आधीच उभा असे. एकदाच तो उशिरा आला, आणि त्या दिवशी रस्त्याकडेच्या वस्तीवरील लोकांनी आपल्या घरचे हंडे बाहेर आणून ठेवले नसते तर वयस्कर मंडळींचे हाल झाले असते.

भिशीबद्दल. प्रत्येक दिंडीची रक्कम वेगळी असते, म्हणून आकडा लिहीत नाही; पण शहरात एका माणसाला महिनाभराच्या खाणावळीसाठी जेवढे लागतात त्याहून ती कमी होती, आणि तिच्यात दोन वेळचे जेवण, सकाळचा चहा-नाश्ता, राहुटीत झोपायला जागा आणि ट्रकमधून सामानाची ने-आण एवढे सगळे आले. नाव घालताना पावती मिळाली, पावतीवर क्रमांक होता आणि तोच क्रमांक वळकटीवर व पिशवीवर रंगाने लिहायला सांगितले होते. ही साधी गोष्ट किती उपयोगाची आहे ते मुक्कामाच्या जागी अंधारात ट्रक रिकामा होताना कळते. ट्रकवर दोन तरुण उभे राहून क्रमांक पुकारत, खाली वळकट्यांच्या रांगा लागत आणि ज्याची त्याला हाती मिळे. दुसऱ्या दिंडीतील लोक सामानाच्या ढिगाऱ्यात बॅटरी घेऊन शोधाशोध करताना मी पाहिले आहेत. ज्यांना दिंडी निवडायची आहे त्यांनी आधी सामानाच्या ट्रकची पद्धत विचारावी, असे मी आग्रहाने सांगेन. जो दिंडीचालक या प्रश्नाचे उत्तर नीट देतो, त्याची बाकीची व्यवस्थाही बहुधा नीट असते.

जेवण उत्तम होते, आणि हे केवळ भुकेमुळे म्हणत नाही. भात, आमटी, भाकरी किंवा पोळी, एखादी सुकी भाजी, कधी पिठले. यांपलीकडे रोजच्या पंगतीत फारसे काही नसे, पण सगळे ताजे, गरम आणि बेताच्या तिखटाचे. आचारी मंडळी पहाटे आमच्या आधी निघून विसाव्याच्या जागी चुली पेटवत. ज्येष्ठ वद्य एकादशी वाटेतच येते. त्या दिवशी भगर आणि शेंगदाण्याची आमटी होती, आणि उपवास न करणाऱ्यांसाठी वेगळा स्वयंपाक मांडला नव्हता, हे मला योग्यच वाटले. गावागावांतून जे येई ते निराळेच. एका मुक्कामी सायंकाळी घरोघरच्या भाकऱ्या टोपल्यांतून येऊन पडल्या, तेव्हा त्यांत बाजरीची, ज्वारीची, पातळ, जाड, काठाला करपलेली अशी प्रत्येक हाताची भाकरी वेगळी ओळखू येत होती. वाढणाऱ्या मुलांनी कोणालाही निवडू दिले नाही, आणि पंगतीत कोणाच्या वाट्याला कोणत्या घरची भाकरी आली यावरूनच बोलणे सुरू झाले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. माझ्या मते दिंडीची खरी सेवा राहुटीत नसते, टँकरमध्येही नसते; ती ओळीत असते. पुढे पताकाधारी, त्यांच्यामागे टाळकरी, टाळकऱ्यांमध्ये पखवाज, नंतर वीणेकरी आणि त्यांच्यामागे तुळशी व हंडे घेतलेल्या स्त्रिया, ही रचना आमच्या दिंडीत पहिल्या दिवसापासून काटेकोर पाळली गेली. आपली ओळ सोडून पुढे जायचे नाही, मागे रेंगाळायचे नाही, आणि बसायचे झालेच तर शेजाऱ्याला सांगून बसायचे. सुरुवातीला नवख्यांना हा शिस्तीचा बडगा वाटतो. परंतु याच शिस्तीमुळे तीच चार-पाच माणसे रोज आपल्या अंगाखांद्याशी चालतात आणि ओळख करून घेण्याचा कोणताही खटाटोप न करता ओळख होते. मोकळ्या चालणाऱ्याला रोज नवी माणसे भेटतात आणि रोज तेच प्रश्न विचारले जातात, तुम्ही कुठले, काय करता, पहिलीच वारी का. ओळीत हे प्रश्न पहिल्या दिवशी संपतात आणि मग खरे बोलणे सुरू होते.

माझ्या ओळीत निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार होते, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका होते, आणि पेठ तालुक्यातील एक तरुण होता, जो घरी भाताची रोपे टाकून आला होता. वारी ज्येष्ठात असल्यामुळे शेतकऱ्यांचे अर्धे लक्ष आभाळाकडे असते. मृगाचा पाऊस पडला का, पेरणी झाली का, आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, माणसे मिळाली का, हे फोनवर विचारले जाई आणि उत्तर साऱ्या ओळीला कळे. पेठच्या त्या तरुणाच्या गावी पाऊस लवकर लागला तेव्हा तो आवणीसाठी परत जावे की पुढे चालावे अशा पेचात होता. बागायतदारांनी त्याला सरळ सांगितले, ‘माउली, रोप थांबत नाही, तू जा, पंढरीला एकादशीला ये.’ तो गेला आणि करमाळ्याच्या पुढे एसटीने येऊन पुन्हा आपल्या जागी उभा राहिला. त्याची जागा कोणी घेतली नव्हती. वीणेकरी बाबांनी ती रिकामी ठेवायला सांगितली होती, आणि एवढे दिवस दोन टाळकऱ्यांमधली ती मोकळी जागा तशीच चालत आली होती.

स्त्रियांच्या ओळींतही असेच पाहिले. दिंडोरीकडच्या एक आजी मुक्कामी पोहोचल्यावर आधी स्वतःच्या नव्हे, तर नव्या बायकांच्या टाचा बघत. भेगांना त्या कोकम तेल गरम करून लावत, आणि फोड आला असेल तर तो फोडू न देता वैद्यकीय पथकाकडे पाठवत. त्यांना ‘आजी’ म्हणून हाक मारणारी नाशिकची एक संगणक अभियंता मुलगी पुढे त्यांच्याच शेजारी तुळस घेऊन चालू लागली. दोघींचे बोलणे फार होत नसे. पण विसाव्याला एकमेकींसाठी जागा धरलेली असे.

सिन्नर तालुक्यात दातलीला रिंगण होते आणि ते पाहायला नाशिकहून गाड्या भरून लोक येतात. त्या गर्दीतही दिंडीने वयस्करांना पुढच्या फळीत बसवले आणि रिंगण झाल्यावर मोजणी केल्याशिवाय कोणालाही हलू दिले नाही, याची नोंद केली पाहिजे.

उणिवांविषयी तितक्याच स्पष्टपणे लिहितो. पहिली आणि सर्वांत गंभीर उणीव स्त्रियांच्या सोयींची. दिंडीत निम्म्याहून अधिक स्त्रिया असताना आंघोळीसाठी आडोसा म्हणून दोन-तीन कापडी पडदे पुरतील असे गृहीत धरलेले होते, आणि त्यामुळे अनेक जणी पहाटे तीनच्या आधीच उठून बसत. फिरती शौचालये काही मुक्कामी होती, काही मुक्कामी पालखीतळापासून इतकी दूर होती की थकलेल्या बाईने रात्री तेथे एकटीने जावे अशी अपेक्षा करणे गैर आहे. राज्य शासनाने २०२४ मध्ये प्रत्येक दिंडीसाठी २० हजार रुपयांचे अनुदान जाहीर केले. असा पैसा हाती येईल तेव्हा मंडपाच्या रोषणाईपेक्षा तो या पडद्यांवर, बादल्यांवर आणि दिव्यांवर खर्च व्हावा. दिंडीप्रमुखांना आम्ही काही जणांनी हे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि पुढल्या मुक्कामांवर पडदे वाढवले, पण नियोजन मुळातच हवे.

दुसरी उणीव महामार्गावरील सुरक्षिततेची. नाशिकरोड ते सिन्नर हा पट्टा पुणे महामार्गाचा आहे, तेथे जड वाहने वेगाने जातात आणि पहाटेच्या अंधारात चालणारी ओळ दुरून दिसत नाही. दिंडीच्या शेवटी लाल झेंडा घेतलेला स्वयंसेवक होता, परंतु अंधारात झेंड्याचा उपयोग तो काय? चमकणारी जाकिटे किमान शेवटच्या दोन ओळींना आणि बाजूने चालणाऱ्या स्वयंसेवकांना द्यायलाच हवीत. तोवर ज्यांना शक्य आहे त्यांनी चमकणाऱ्या पट्टीची पिशवी पाठीला लावावी. स्वागताच्या नावाखाली काही ठिकाणी कर्णे लावून जो गोंगाट होतो, त्याने अभंगाची चाल मोडते. हा दोष दिंडीचा नाही, पण दिंडीने तेथे अधिक ठाम राहायला हवे होते.

पायांबद्दल एवढेच सांगतो, की नवी पादत्राणे घेऊन निघू नये. काही दिवसांनी पाय सुजतात, तेव्हा वापरून मऊ झालेली, किंचित सैल आणि मागे पट्टा असलेली सँडल बंद बुटापेक्षा सोयीची पडते. औषधे सोबत हवीतच; वैद्यकीय पथके वाटेत भेटतात, पण रक्तदाबाची किंवा मधुमेहाची रोजची गोळी त्यांच्या भरवशावर ठेवू नये, आणि तिची पिशवी ट्रकमध्ये न टाकता जवळ बाळगावी.

नोकरीमुळे ज्यांना सगळी वाट चालता येत नाही, असे पुष्कळ नाशिककर त्र्यंबक ते नाशिक किंवा फार तर सिन्नरपर्यंत येतात. त्यातही आनंद आहे, आणि गणेशवाडीच्या मुक्कामी शहरातील माणसे ज्या आस्थेने वारकऱ्यांचे पाय चेपतात ते पाहण्यासारखे आहे. परंतु ज्यांना सोबतच्या माणसांसाठी यायचे आहे, त्यांना माझा सल्ला आहे की रजा शिल्लक असेल तर ती सुरुवातीला न घालवता शेवटच्या टप्प्यासाठी ठेवावी आणि मिरजगाव किंवा करमाळ्यापासून चालावे. तोवर दिंडी मुरलेली असते, चाल बसलेली असते, आणि नव्या माणसाला ओळीत सामावून घ्यायला सगळे तयार असतात. अर्थात दिंडीप्रमुखांना आधी कळवून, त्यांनी दिलेल्या ओळीतच उभे राहायचे.

नाव वैशाखातच घालावे, कारण ट्रकमधली जागा आणि राहुट्या मोजक्या असतात आणि पालखी निघण्याच्या तोंडावर आलेल्याला बऱ्याच दिंड्या नकार देतात. त्याच वेळी परतीचेही विचारून घ्यावे. पालख्या पौर्णिमेच्या गोपाळकाल्यापर्यंत पंढरपुरात थांबतात, तर बहुतेक वारकरी एकादशीचे दर्शन किंवा कळसदर्शन झाले की एसटीच्या जादा गाड्यांनी निघतात. आमच्या दिंडीची भिशी द्वादशीचे पारणे सोडण्यापर्यंतची होती आणि सामानाचा ट्रक काल्यानंतरच नाशिकला परतणार होता. हे आधी ठाऊक असलेल्यांनी वळकट्या सोबत नेल्या. उरलेल्यांच्या वळकट्या आठवडाभराने नाशिकरोडला उतरल्या, आणि त्याही क्रमांकानुसार रांगेत लावूनच परत मिळाल्या.