‘सीनियर’ डॉग फूड: सात-आठ महिने खाऊ घातल्यावर

आमचा बंड्या लॅब्राडॉर आहे, वय ११. पोट सुटत चाललं होतं आणि पाठीवरचं मांस मात्र उतरत होतं, म्हणून त्याला नेहमीच्या दाण्यांवरून एका कंपनीच्या ‘सीनियर’ दाण्यांवर आणलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकाच नावाखाली तीन-चार प्रकार निघतात आणि प्रत्येकाचे आकडे वेगळे, तेव्हा नावापेक्षा पिशवीची मागची बाजू वाचलेली बरी.

पुढच्या बाजूवरून काही कळत नाही. बऱ्याच कंपन्या ‘आफ्को’चे, म्हणजे पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेचे, निकष धरतात आणि त्यात म्हाताऱ्या कुत्र्यांचा वेगळा गटच नाही. एक निकष वाढत्या पिल्लांचा आणि गाभण-दूध पाजणाऱ्या माद्यांचा, दुसरा पूर्ण वाढ झालेल्या मोठ्या कुत्र्यांचा, संपलं. मोठ्यांना ओलावा वगळून किमान १८ टक्के प्रथिनं हवीत. म्हणजे जेमतेम १८ टक्केवालाही ‘सीनियर’ आणि ३० टक्केवालाही ‘सीनियर’च.

म्हातारपणी प्रथिनं कमी करा, किडनीवर ताण येतो, असं भेटेल तो सांगतो. आम्ही खाणं बदलायच्या आधी रक्त आणि लघवी तपासून घेतली. किडनी ठणठणीत निघाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, प्रथिनं अजिबात कमी करू नका, या वयात स्नायू टिकवायला उलट जास्त लागतात. किडनीचं दुखणं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे फॉस्फरस आवरावा लागतो आणि खाणं डॉक्टरच ठरवतात. आमच्या पिशवीवर फॉस्फरसचा आकडाच नव्हता. कंपनीला मेल केला, उत्तर नाही. पुन्हा केला, तेव्हा आला.

डब्यातल्या ओल्या खाण्याशी तुलना करताना ओलावा वजा करायला विसरू नका. दाण्यांत २५ टक्के प्रथिनं आणि १० टक्के ओलावा असेल, तर सुक्या मालात साधारण २८ टक्के पडतात. डब्यावर फक्त ८ टक्के लिहिलेलं असतं, पण त्यात ७८ टक्के पाणी धरलं, तर तोच हिशेब ३६ टक्क्यांवर जातो.

खरा फरक पडला तो मापाने. पिशवीवरच्या तक्त्यात ३० किलोच्या कुत्र्याला दिवसाला ३८० ग्रॅम लिहिलं होतं. डॉक्टरांनी बंड्याचं हवं ते वजन धरून दिवसाच्या सुमारे १०८० कॅलरी काढून दिल्या. या दाण्यांत किलोला ३५०० कॅलरी, म्हणजे जेमतेम ३१० ग्रॅम. कप फेकून दिला आणि वजनकाट्यावर मोजायला लागलो, कारण कप भरणारा हात बदलला की माप बदलतं. (आमच्या घरात सगळ्यात उदार हात कोणाचा, ते लिहीत नाही.) बक्षिसाचा खाऊही त्याच कॅलरींत, दहा टक्क्यांच्या आत.

आता बरगड्यांवरून हात फिरवला की त्या बोटांना लागतात, वरून पाहिलं तर कंबर दिसते. मणक्याच्या दोन्ही बाजूंना जे खळगे पडत होते ते भरले नाहीत, पण वाढलेही नाहीत. गाडीत चढताना आता मागून ढकलावं लागत नाही. याचं श्रेय मी उतरलेल्या वजनाला देईन. पिशवीवर मोठ्या अक्षरात मिरवलेल्या, सांध्यांसाठी म्हणून घातलेल्या ग्लुकोसामाइनचा काही गुण मला तरी दिसला नाही.

तक्रारीही आहेत. दाणा मोठा आणि टणक आहे. बंड्याच्या मागच्या दोन दाढा काढलेल्या, त्यामुळे तो दाणा तोंडात घोळवून जमिनीवर टाकायचा. कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवला की वाटी चाटूनपुसून साफ, शिवाय पाणीही पोटात जातं. तंतू जास्त असल्याने शी दिवसातून एकदा जास्त, पण घट्ट. आठ-दहा दिवसांत जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत नेलं, तरी मधे दोन दिवस पोट बिघडलंच. पिशवीची झिप तर पहिल्याच आठवड्यात गेली आणि तळाशी पोचेपर्यंत दाण्यांना खवट वास यायला लागला.

पाचपैकी साडेतीन. दात धड असलेल्या, किडनी ठीक असलेल्या, वजनाकडे झुकणाऱ्या कुत्र्याला चालेल. मुळातच हडकुळ्या होत चाललेल्या म्हाताऱ्याला हे देऊ नका, कॅलरी कमी पडतील. आधी तो का वाळतोय ते तपासून घ्या. आम्ही हेच चालू ठेवतोय, फक्त पुढची पिशवी लहान घेणार, म्हणजे खवट व्हायच्या आत संपेल.