तार मला दिसली होती

44,250 रुपये, जाहिरात बघून मागवलेल्या सायकलच्या फसवणुकीत गेलेले. आकडा आधीच लिहून टाकते, कारण घरी मी तो बराच कमी करून सांगितलाय. 3,000 'तुमच्या मापाची एकच फ्रेम उरलीय, ती राखून ठेवायला'. 38,500 उरलेली किंमत. 2,750 वाहतुकीचा विमा, 'सायकल पोचली की परत'. हे प्रकार कसे चालतात ते तुम्हाला माहीत आहे. मलाही होतं, म्हणून तर जास्त चीड येते.

मला ग्रॅव्हल सायकल हवी होती, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीवर चालणारी. माझा रोजचा निम्मा रस्ता डांबरी, पुढे खडी आणि माती. रोड बाइकचे 25-28 मिमीचे टायर भुसभुशीत मातीत रुततात, एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची जाड टायरची सायकल, डांबरावर ओढत न्यावी लागते. म्हणून 40 मिमीचा टायर मावेल अशी फ्रेम, चिखलातही धरतील असे हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाचे) डिस्क ब्रेक, कार्बन फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), 12 मिमीचे थ्रू-ॲक्सल (चाकातून आरपार जाणारे दांडे) आणि कॅरियर-मडगार्डसाठी भोकं. तीन महिने वाचून, विचारून ही यादी केली होती. रंग बघून सायकल घेणाऱ्यातली मी नाही, एवढं तरी मान्य करा. जाहिरातीत ही यादी जवळजवळ जशीच्या तशी होती. वजन 10.8 किलो. आपल्या मनातलंच समोर आलं की माणूस खूश होतो. तिथे खरं तर चपापायला हवं.

आता त्या फोटोबद्दल. हे लिहिताना अजून कान गरम होतात. आगाऊ रक्कम गेल्यावर विक्रेत्याने सायकलचा फोटो पाठवला. मी तो बोटांनी मोठा करून बघितला. पुढच्या कॅलिपरवर, म्हणजे ब्रेकची चकती दाबणाऱ्या भागावर, एक छोटा दांडा, आणि त्याला उघडी तार जोडलेली. पूर्ण हायड्रॉलिक ब्रेकला तार नसते, तेलाची नळी असते आणि ती सरळ कॅलिपरात शिरते. हे मला पाठ होतं. मी विचारलंसुद्धा! त्याचं उत्तर: "मॅडम, मानलं तुम्हाला. फोटो जुन्या मॉडेलचा आहे. इतकं बारीक कोणी बघत नाही." झालं. शंकेचं उत्तर मिळालंच नाही, मिळाली ती शाबासकी, आणि मी ती खिशात घालून चार मिनिटांत 38,500 पाठवले. खातं दुकानाच्या नावावर नव्हतं, कुणा माणसाच्या नावावर होतं. 'खातं बदलायचं काम चालू आहे' म्हणाला, मी तेही ऐकलं. तुम्ही ऐकू नका. तिथेच थांबा.

सोळा दिवसांनी खोका आला. आणणारा घाईत होता, मी 'माल सुस्थितीत' यावर सही करून मोकळी झाले. खोका फोडण्याआधी मोबाइलचा कॅमेरा चालू करायचा असतो, हे मी इतरांना सांगत आलेय.

वजन भरलं 14.6 किलो. टायरच्या बाजूला छापलेलं 28-622, म्हणजे 28 मिमी. ओळखीच्या मेकॅनिककडे 38 मिमीचा टायर चढवून पाहिला, तर मागे फ्रेमला घासतो. 'कार्बन' फोर्कला फ्रिजवरचं लोहचुंबक टच्चकन चिकटलं. कार्बनलाही चिकटत नाही, ॲल्युमिनियमलाही नाही, म्हणजे रंगवलेलं पोलाद. पेडलच्या खाली फ्रेमचा नंबर असतो, तिथे कानस मारलेली. फ्रेमच्या नंबराचा आणि टायरच्या आकड्याचा फोटो आधी मागा, आजची तारीख लिहिलेला कागद शेजारी ठेवून. देत नसेल तर फोन ठेवा.

ब्रेक? तारेचेच.

पोलिसांकडे गेले. "सायकल आली ना? मग फसवणूक कसली? हा ग्राहकाचा वाद." ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर विक्रेत्याचा पत्ता मागितला. पत्ता असता तर मी तिथे कशाला उभी राहिले असते? बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, पासवर्ड तुम्हीच टाकलात, आमच्याकडून काही चुकलेलं नाही. पुन्हा पोलीस. या वेळी दुसरे साहेब. त्यांनी थ्रू-ॲक्सल म्हणजे काय ते विचारलं, मी पंधरा मिनिटं समजावलं, त्यांनी लिहिलं: 'सायकल पसंत पडली नाही.' मी खोडायला लावलं तर म्हणाले, "दोन चाकं आहेत, चालते, अजून काय पाहिजे?" आणि शेजारचे हसले. 44,250 गेल्याचं दुःख एकीकडे, ते हसणं एकीकडे. पैसे गेल्याचं कळल्या तासाला बँकेला कळवा म्हणतात, पण मला कळलंच सोळा दिवसांनी, त्याचं काय करायचं ते कोणी सांगत नाही.

2,750 तेवढे परत द्या, असा मेसेज मी त्या विक्रेत्याला केला होता. बघून ठेवलाय, दोन निळ्या खुणा आहेत. तक्रार क्रमांकासमोर 'कार्यवाही सुरू' असं दिसतं, गेले सात आठवडे. खोका पुरावा म्हणून ठेवा असं सांगितलंय, म्हणून तो दारामागे उभा आहे. बघायला अजून कोणी आलेलं नाही.